खेळाच्या नकाशावरील गांवांचीं नांवें



आज ज्या विषयावर मी बोलणार आहें, तो ऐकून आपणांपैकीं कांहींना हंसूं येण्याचा संभव आहे. राज्यें जिंकण्याचे जे ऐतिहासिक खेळ हल्लीं निघाले आहेत, त्यांतील नकाशावर गांवांचीं नांवें कोणत्या भाषेंत लिहावीं, हा तो विषय. खेळ तो खेळ. त्यांतल्या नांवांचा एवढा काथ्याकूट कशाला, असें कोणीहि विचारील. परंतु आजच्या मुलांना बाराव्या शतकांतील फ्रान्सची किंवा पंधराव्या शतकांतील तुर्कस्थानची पहिली ओळख पुष्कळदां शाळेच्या पुस्तकांतून होत नाहीं. ती संगणकाच्या पडद्यावर होते. ज्या नांवानें मूल एखादें गांव प्रथम ओळखतें, तें नांव त्याच्या मनांत घर करून राहतें. तेव्हां तें नांव कोणाच्या तोंडचें आणि कोणत्या काळचें, हें पाहणें इतिहासाच्या कक्षेबाहेरचें नाहीं.

प्रथम हे खेळ कसे असतात तें थोडक्यांत सांगतों. आपल्या बुद्धिबळाच्या पटावर राजा, वजीर, हत्ती, घोडे सर्व आहेत; गांव मात्र एकहि नाहीं. विसाव्या शतकाच्या मध्यास पाश्चात्य देशांत पटाच्या जागीं खरा नकाशा मांडलेले खेळ लोकप्रिय झाले. पुढें 'रिस्क' या नांवानें जगभर गाजलेला खेळ १९५७ सालीं फ्रान्समध्यें निघाला. १९५९ सालीं अमेरिकेंत ॲलन कॅलहॅमर यांचा 'डिप्लोमसी' हा खेळ बाजारांत आला. त्यांत १९०१ सालचा युरोप मांडलेला असून इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली, रशिया व तुर्कस्थान अशा सात सत्ता एकमेकींशीं करार करतात आणि ते मोडतात. पुढें संगणक आला. स्वीडनमधील स्टॉकहोम येथील पॅराडॉक्स या कंपनीनें २०१३ सालीं 'युरोपा युनिव्हर्सालिस' या मालिकेंतील चौथा खेळ काढला, आणि २०२० सालीं 'क्रुसेडर किंग्ज' या मालिकेंतील तिसरा. पहिल्याचा काळ ११ नोव्हेंबर १४४४ पासून, म्हणजे वार्नाच्या लढाईच्या दुसऱ्या दिवसापासून, १८२१ पर्यंतचा आहे. दुसऱ्याचा आरंभ ८६७ किंवा १०६६ अशा सालांपासून करतां येतो. खेळणारा एखाद्या राज्याचा कारभार हातीं घेतो, सैन्य उभारतो, सोयरिकी जुळवितो, प्रांत जिंकतो किंवा गमावतो. या सर्व वेळीं त्याच्या डोळ्यांपुढें नकाशा असतो आणि त्या नकाशावर शेंकडों नांवें असतात.

नांवांची अडचण कागदी पटापासूनचीच आहे. 'डिप्लोमसी'च्या पटावर तुर्कस्थानच्या वांट्याला प्रारंभीं तीन ठाणीं येतात: कॉन्स्टँटिनोपल, स्मर्ना आणि अंकारा. यांपैकीं पहिलीं दोन नांवें १९०१ सालच्या इंग्रजी नकाशांत सहज आढळतील. तिसऱ्या गांवास मात्र इंग्रज त्या काळीं अंगोरा म्हणत. अंगोरा लोकर हा शब्द त्यावरूनच आलेला आहे. अंकारा हें रूप बाहेरच्या जगांत रुळलें तें तुर्की प्रजासत्ताकाच्या काळांत, १९३० च्या सुमारास. म्हणजे एकाच पटावर, एकाच देशांत, दोन नांवें जुनीं आणि एक नवें! 'रिस्क'च्या जुन्या इंग्रजी पटावर उलट प्रकार आहे. तेथें सयाम असें लिहिलेलें आहे. पण त्या देशानें १९३९ सालींच थायलंड हें नांव घेतलें होतें. मध्यें कांहीं वर्षें जुनें नांव परत आलें, तरी १९४९ पासून थायलंड हेंच कायम झालें. खेळ करणारांचा यांत कांहीं हेतु होता असें मला वाटत नाहीं. आपल्या घरांत जीं नांवें रुळलेलीं होतीं तीं त्यांनीं लिहिलीं, एवढेंच.

आतां या खेळांच्या भोक्त्यांत दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष म्हणतो, जर्मन राजाच्या राज्यांत त्याच्याच शहराला परकें नांव कां? कलोन कां, क्योल्न कां नाहीं? म्यूनिक कां, म्युन्शेन कां नाहीं? व्हिएन्नाला तेथील माणूस वीन म्हणतो, फ्लॉरेन्सचा माणूस आपल्या शहराला फिरेंझे म्हणतो. गांव ज्यांचें, नांवहि त्यांचेंच असावें. दुसरा पक्ष म्हणतो, खेळ इंग्रजींत आहे आणि खेळणारा इंग्रजी वाचतो. त्याला व्हिएन्ना ठाऊक आहे, वीन ठाऊक नाहीं. ज्या नकाशावर गांव सांपडत नाहीं, तो नकाशा काय कामाचा? ऐकणाराला प्रथम असें वाटतें कीं पहिल्या पक्षाकडे न्याय आहे, आणि दुसऱ्याकडे केवळ सोय. थोडें खोल गेल्यावर मात्र हें मत ढळूं लागतें.

परकें म्हणून ज्या नांवाला आपण नाक मुरडतों, तें पुष्कळदां जुन्या परिचयाचें चिन्ह असतें. ज्या गांवाशीं आपला कधीं संबंधच आला नाहीं, त्याला आपल्या भाषेंत वेगळें नांव सहसा नसतें. ज्याच्याशीं व्यापार झाला, लढाई झाली, ज्याची यात्रा झाली, त्याचें नांव जिभेवर घोळून घोळून आपल्या वळणाचें होतें. राइन नदीकांठच्या एका गांवास इ. स. ५० मध्यें रोमनांनीं वसाहतीचा दर्जा दिला. त्याच्या लांबलचक लॅटिन नांवांतील पहिला शब्द 'कोलोनिया', म्हणजे वसाहत. जर्मनांनीं त्याचें क्योल्न केलें, फ्रेंचांनीं कलोन केलें, आणि इंग्रजांनीं तें फ्रेंचांकडून उचललें. तिघांचेंहि मूळ एकच. फ्लॉरेन्सची गोष्ट याहून मौजेची आहे. रोमनांचें फ्लोरेन्शिया हें नांव फ्रेंचांच्या मार्गें इंग्रजींत फ्लॉरेन्स झालें. खुद्द त्या शहरांत मात्र उच्चार बदलत बदलत फिरेंझेवर आला. म्हणजे मूळ रूपाच्या जवळ परकें नांवच अधिक राहिलें.

आपल्या पूर्वजांनीं तरी दुसरें काय केलें? जुन्या मराठी कागदपत्रांत हैदराबादेस भागानगर म्हटलेलें आहे, आणि राजाराम महाराज दक्षिणेंत ज्या जिंजीच्या किल्ल्यांत जाऊन राहिले तिला चंदी म्हटलेलें आहे. तमिळ माणसाला चंदी हा शब्द परकाच वाटेल. पण मराठ्यांचा त्या मुलखाशीं आलेला संबंध त्या एका शब्दांत सांठवलेला आहे. त्याच जुन्या लिखाणांत 'रूमशाम' असा एक शब्द येतो. त्यांतील शाम म्हणजे सीरिया, आणि रूम म्हणजे तुर्कांचा मुलूख. हें रूम म्हणजे मूळचें रोमच. पूर्वेकडील रोमन साम्राज्य तुर्कांनीं घेतलें, तरी त्याचें नांव अरबी-फारसीच्या वाटेनें दख्खनच्या दफ्तरांपर्यंत येऊन पोंचलें! असें नांव अशुद्ध ठरवून खोडून टाकलें, तर इतिहासाचा एक साक्षीदारच नाहींसा होतो.

पहिल्या पक्षापुढें दुसरी अडचण आहे आणि ती अधिक बिकट आहे. स्थानिक नांव लिहावें हें कबूल. पण स्थानिक कोण? डॅन्यूब नदीवरील एका शहराला जर्मन लोक प्रेसबुर्ग म्हणत, हंगेरियन पोझोन्य म्हणत आणि स्लोव्हाक प्रेश्पोरोक म्हणत. १५६३ पासून १८३० पर्यंत हंगेरीच्या अनेक राजांना तेथेंच मुगुट घालण्यांत आला. आज ज्याला ब्राटिस्लाव्हा म्हणतात तें हेंच शहर. पण हें नांव अधिकृत झालें १९१९ सालीं. सोळाव्या शतकाच्या नकाशावर ब्राटिस्लाव्हा असें लिहिणाराला आपण स्थानिकांना न्याय दिला असें समाधान वाटेल. परंतु त्या काळचा एखादा रहिवासी उठून आला, तर तो जर्मन असो, हंगेरियन असो कीं स्लोव्हाक असो, त्याला त्या नांवावरून आपलें गांव ओळखतां येणार नाहीं.

युक्रेनमधील ल्विव्ह शहराचेंहि असेंच आहे. तेराव्या शतकांत डॅनिलो राजानें आपला पुत्र लेव्ह याच्या नांवावरून तें वसविलें. पोलिश लोक त्याला ल्वुव म्हणतात, जर्मन लेम्बर्ग म्हणतात, रशियन ल्वोव्ह म्हणतात, आणि लॅटिन कागदांत तें लिओपोलिस होतें. १९१८ सालीं पोलिश आणि युक्रेनियन सैनिक याच शहराच्या रस्त्यांतून एकमेकांशीं लढले. यांतलें कोणतें नांव नकाशावर घालावें हें ठरवितांना केवळ उच्चाराचा प्रश्न राहत नाहीं. शहर कोणाचें, हाच प्रश्न पुनः उभा राहतो.

या पेंचांतून संगणकावरील खेळ करणारांनीं एक युक्ति काढली. संगणकाला नांवाची गरजच नसते. 'युरोपा युनिव्हर्सालिस'च्या चौथ्या खेळांत प्रत्येक प्रांताला एक क्रमांक आहे; स्टॉकहोमचा क्रमांक १, आणि कॉन्स्टँटिनोपलचा १५१. राज्यें बुडोत, राजे मरोत, क्रमांक ढळत नाहीं. नांव म्हणजे माणसाच्या सोयीसाठीं त्यावर चिकटवलेली एक चिठ्ठी. मग अशा चिठ्ठ्या एकीऐवजीं अनेक करून ठेवाव्या, आणि प्रांतावर ज्यांचा अंमल बसेल त्यांच्या भाषेंतली चिठ्ठी वर आणावी, अशी ही योजना आहे. खेळांत तुर्कांनीं कॉन्स्टँटिनोपल घेतलें कीं तेथें कोस्तांतिनिये हें नांव उमटतें. 'क्रुसेडर किंग्ज'मध्यें तेंच शहर उत्तरेकडील नॉर्स लोकांच्या हातीं गेलें, तर मिक्लागार्ड, म्हणजे महानगर, हें त्यांचें नांव दिसूं लागतें. ज्यांना एवढ्यानें समाधान होत नाहीं, ते खेळणारे खेळाच्या फायली उघडून आपल्या मताप्रमाणें नांवें बदलतात आणि इतरांनाहि देतात.

ही योजना चतुर आहे, आणि तिच्यामागें अभ्यासहि आहे. पुष्कळांची अशी समजूत असते कीं २९ मे १४५३ रोजीं कॉन्स्टँटिनोपल पडलें आणि दुसऱ्या दिवसापासून तें इस्तंबूल झालें. तसें घडलेलें नाहीं. उस्मानी सुलतानांच्या नाण्यांवर कोस्तांतिनिये हें नांव पुढें कित्येक शतकें येत राहिलें. इस्तंबूल हें लोकांच्या बोलण्यांतलें नांव होतें. आणि तेंहि मूळचें ग्रीकच, 'शहराकडे' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून आलेलें. परदेशांनींहि इस्तंबूल असेंच लिहावें, असा आग्रह तुर्की सरकारनें धरला तो १९३० सालीं. ग्रीक लोक आपल्या भाषेंत आजहि जुनेंच नांव घेतात. नकाशावर कोस्तांतिनिये हें नांव वाचून जो मुलगा थबकेल आणि शोध घेईल, त्याच्या हातीं एवढा इतिहास लागेल. खेळाकडून हें झालें, तरी तें थोडें नव्हे.

तरीहि या योजनेंत एक मोठा दोष आहे, आणि माझ्या आजच्या बोलण्याचा मुख्य मुद्दा तोच आहे. नांव हें तलवारीच्या मागून चालतें, असा धडा ही योजना मुलाला नकळत देते. किल्ला पडला, निशाण बदललें, कीं लगेच नांव बदललें! इतिहासाचा अनुभव निराळा आहे. नांव बोलणाराच्या तोंडीं राहतें. आणि निशाण एका दिवसांत उतरवितां येतें, तसें लोकांच्या तोंडचें नांव उतरवितां येत नाहीं.

इंग्लंडमधील यॉर्कचेंच उदाहरण घ्या. रोमनांनीं त्याला एबोराकम म्हटलें, सॅक्सनांनीं एओफोर्विक म्हटलें. ८६६ सालीं उत्तरेकडून आलेल्या डेन लोकांनीं तें घेतलें आणि त्यांच्या तोंडीं त्याचें योर्विक झालें. हे लोक नुसते लूट करून निघून गेले नाहींत. ते तेथें राहिले, त्यांनीं शेती केली, व्यापार मांडला, मुलेंबाळें वाढविलीं. ९५४ सालीं तेथील शेवटचा नॉर्स राजा एरिक हांकलला गेला आणि शहर इंग्रज राजाकडे आलें. खेळांतल्या नियमानें त्या दिवशीं सॅक्सन नांव परत यावयास हवें होतें. तें आलें नाहीं. राजा गेला तरी त्याचे लोक राहिले, आणि त्यांच्या योर्विकचेंच पुढें यॉर्क झालें.

याच्या उलट बाजूचें उदाहरण आपल्या घरचें आहे, आणि तें वर सांगितलेल्या पहिल्या खेळाच्या कालखंडांत बरोबर बसतें. १६८९ सालीं रायगड मोगलांच्या हातीं पडला, तेव्हां त्याचें नांव इस्लामगड ठेवण्यांत आलें. १७०० सालीं औरंगजेबानें सातारचा किल्ला घेतला आणि शहाजादा आजम याच्या नांवावरून त्याला आजमतारा म्हटलें. अंमल मोगलांचा होता, शिक्का मोगलांचा होता, बातमीपत्रांतून नवीं नांवें लिहिलीं जात होतीं. पण मराठी माणसाच्या तोंडून रायगड आणि सातारा हीं नांवें गेलीं नाहींत. आज किल्ल्याला आपण अजिंक्यतारा म्हणतों आणि गांवाला सातारा म्हणतों. आजमतारा आणि इस्लामगड हीं नांवें मात्र इतिहासाच्या पुस्तकांत शोधावीं लागतात. मुंबईचेंहि तेंच. पोर्तुगीजांनीं बोंबाईम म्हटलें, इंग्रजांनीं बॉम्बे म्हटलें, आणि इंग्रजींतील अधिकृत नांव १९९५ पर्यंत तेंच चाललें. त्या सर्व काळांत मराठी घरांत तें शहर मुंबईच होतें. राज्यकर्त्याच्या भाषेप्रमाणें नांव पालटणाऱ्या नकाशावर एक नांव उमटलें कीं दुसरें पुसलें जातें. प्रत्यक्षांत दोन्ही नांवें एकाच रस्त्यावर शेजारीं शेजारीं नांदत होतीं.

जेत्यानें दिलेलें नांव कधींच टिकत नाहीं, असें मात्र यावरून कोणी समजूं नये. मलिक अंबरानें खडकी येथें वसविलेलें शहर औरंगजेबाच्या नांवावरून औरंगाबाद झालें, आणि तें नांव तीन शतकांहून अधिक काळ सर्व जातिधर्मांच्या लोकांच्या बोलण्यांत राहिलें. कारण त्या नांवाबरोबर तेथें वस्ती, बाजार आणि कारभार हींहि वाढलीं. २०२३ सालीं त्याचें अधिकृत नांव छत्रपति संभाजीनगर असें झालें. नांवामागें नुसतें फर्मान असून भागत नाहीं. तें रोजच्या व्यवहारांत घेणारीं माणसें असावीं लागतात. मग तें फर्मान कोणत्याहि काळचें असो.

लिपीचाहि विचार येथें केला पाहिजे. इंग्रजी खेळांत स्थानिक म्हणून जीं नांवें दिसतात, तीं सर्व रोमन लिपींत असतात. सुलतानाच्या दफ्तरांत शहराचें नांव अरबी अक्षरांनीं लिहिलें जाई. तुर्की भाषेला रोमन लिपि मिळाली ती १९२८ सालीं. सातारा हें नांव छत्रपतींच्या दफ्तरांत मोडींत लिहिलें जाई. तेव्हां परकें नांव काढून अस्सल नांव घातलें असें जेव्हां खेळ करणारे म्हणतात, तेव्हां वस्तुतः इंग्रजी वाचकासाठीं एका सोयीऐवजीं दुसरी सोय केलेली असते. त्यांत वाईट कांहीं नाहीं. पण ती सोय आहे, याचें भान मात्र असावें.

मग नकाशावर लिहावें तरी काय? माझ्या अल्प मतीप्रमाणें, वाचकाला समजेल असें एक नांव मोठ्या अक्षरांत असावें; त्यांत कोणाचाहि अपमान होत नाहीं. मात्र त्या गांवावर बोट ठेवतांच, त्या काळीं प्रचारांत असलेलीं बाकीचीं नांवें, तीं कोणत्या लोकांच्या बोलण्यांतलीं होतीं या माहितीसह, पुढें यावीं. कागदी पटावर जागा अपुरी होती. संगणकाला जागेचा तोटा नाहीं. आणि राज्य पालटल्यावर नांव पालटावयाचेंच असेल, तर तें त्याच क्षणीं पालटूं नये. एकदोन पिढ्या जाऊं द्याव्या, तेथें कोण वस्तीस आलें आणि कोण टिकून राहिलें तें पाहावें, आणि मगच नवी चिठ्ठी वर आणावी. खेळ थोडा संथ होईल, पण खऱ्या इतिहासाच्या अधिक जवळ जाईल.

घरांतील वडीलधाऱ्या मंडळींना माझी एक विनंति आहे. मूल असा खेळ खेळत असतां त्याच्या शेजारीं घटकाभर बसावें, आणि नकाशावरील एखाद्या नांवाकडे बोट दाखवून विचारावें, 'हें नांव कोण घेत होतें?' राजा घेत होता, परदेशचा व्यापारी घेत होता, कीं त्या गांवच्या नदीवर पाणी भरणारी बाई घेत होती? उत्तर पुष्कळदां सांपडणार नाहीं. परंतु प्रश्न विचारण्याची संवय लागेल.

३१ डिसेंबर १८०२ रोजीं दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांशीं जो तह केला, त्याला आपण वसईचा तह म्हणतों. इंग्रजी पुस्तकें त्यालाच बसीनचा तह म्हणतात. कागद एकच आणि गांवहि एकच. ज्या मुलाला एकच नांव ठाऊक आहे, त्याला त्या कागदाच्या एकाच बाजूला बसलेलीं माणसें दिसतात. ज्याला दोन्ही नांवें ठाऊक आहेत, त्याला समोरचींहि दिसतात.